खुडलेला हरभरा

ऐंशी सालच्या आसपास हरभऱ्याचे नवे वाण शेतावर तपासायचं काम माझ्याकडे आलं. साहेबांनी आधीच बजावलं, "बाईमाणूस आहात. एक जरी वाफा बिघडला तर शेत बंद, आणि नाशिकच्या ऑफिसात टायपिंग." टायपिंग! शेतीची पदवी मी काय पंख्याखाली बसून बोटं आपटायला घेतली होती?

सिन्नरजवळ एका शेतकऱ्याच्या रानात सगळे वाण शेजारी शेजारी पेरले. सगळ्या वाफ्यांना सारखं खत, सारखं पाणी. तरच कोणता वाण सरस ते कळणार. रोज पहिल्या एस.टी.नं मी जायची, थंडीनं दात वाजत.

एके सकाळी बघते तर विहिरीकडच्या निम्म्या वाफ्यांचे शेंडे गायब! निंदणीच्या बायकांनी आदल्या संध्याकाळी भाजीसाठी खुडून नेले होते. त्यांची मुकादमीण मात्र खुशाल कमरेवर हात ठेवून उभी.

"शेंडा खुडला तर हरभरा लय फुटतो, बाई. सारं गाव खुडतं."

"माहीत आहे मला! पण निम्मेच का खुडले?"

"तेवढ्यातच ओटी भरली ना."

कपाळ माझं! निम्मं खुडलेलं, निम्मं न खुडलेलं, म्हणजे तुलनाच संपली. मी पदर खोचला. "मग उरलेले पण खुडा. आत्ता, माझ्यासमोर." दुपारपर्यंत सगळं शेत सारखं झालं. भाजी गावभर गेली, माझ्या डब्यातही आली.

कळल्याबरोबर साहेब जीपनं आले, लालबुंद होऊन, आणि बायकांदेखतच ओरडले. "परवानगी कोणाची?"

"कोणाचीच नाही."

"या बायका चोर, आणि तुम्ही त्यांच्या म्होरक्या!"

"साहेब, उद्या हे बियाणं शेतकऱ्याला देणार, तेव्हा त्याच्या बायकोचे हात बांधून देणार आहात का? खुडणी सोसेल तोच वाण आपल्या कामाचा."

"एक तारखेपासून ऑफिसात या," एवढंच म्हणून ते जीपमध्ये बसले.

एक तारखेला मी सिन्नरचीच एस.टी. धरली. काढायचं तर काढा म्हणावं!

शेतावर पोचले तर जीप आधीच उभी. साहेब वाफ्यात उकिडवे बसून फुटवे चाचपत होते. रान नुसतं गच्च झालं होतं. वर न बघताच म्हणाले, "हे फुटवे मोजायला हवेत. तुम्हीच मोजा. काढणीपर्यंत शेत तुमच्याकडेच."

हेच तर हवं होतं मला! पण बायका बांधावर खाली मान घालून उभ्या होत्या. एरवी कमरेवर हात ठेवणारी मुकादमीणसुद्धा. तो 'चोर' शब्द मला काही गिळवेना.

"मोजते. आधी यांना चोर म्हणालात ते मागे घ्या."

"पुन्हा ऑफिस दाखवीन, बाई."

"दाखवा." मी जाऊन बायकांशेजारी बांधावर बसले. तिथून उठले नाही.

साहेबांनी एक-दोन झाडांचे फुटवे स्वतःच मोजून पाहिले. मग साहेब वाफ्याकडे बघत पुटपुटले, "चुकलं माझं."

मुकादमीण म्हणाली, "कोणाला म्हणताय, साहेब? हरभऱ्याला का आम्हाला?"

साहेब उठले, बांधाकडे तोंड केलं आणि पुन्हा म्हणाले. तेव्हा कुठं मी वाफ्यात उतरले.