हातभर अंतर

पाहुण्यांना पापा देत नाही म्हणून मी एकदा चार वर्षांच्या नातीला दंडाला धरून त्यांच्या मांडीवर ढकललं होतं. तेव्हा माझं आजीपणही चारच वर्षांचं होतं. तोरा मोठा अन् अक्कल दुधाच्या दातांची.

दुसऱ्याच दिवशी ती पिंप्राळ्याच्या अंगणवाडीत पडली. गुडघा फुटला, तरी कोणाला जवळ येऊ देईना. मी तिला न्यायला आलेच होते; मला पाहून तर भिंतीलाच चिकटली.

तिथल्या बाई ठेंगण्या, पदर कायम कमरेला खोचलेला. पोरांशी बोलायचं तर आधी खाली बसायच्या. तशाच बसल्या, हातभर अंतर ठेवून, तळहात उघडे.

"जवळ घेऊ का? नको म्हटलं तरी चालेल."

नात नुसती हुंदके देत राहिली. रक्त पोटरीवरून खाली ओघळलं.

"अहो बाई, उचला की तिला!" मी ओरडले.

बाईंनी मानसुद्धा वळवली नाही. शेवटी नातीनं एक बोट त्यांच्या तळहातावर टेकवलं, मग सगळीच कुशीत शिरली.

ते पाहून माझेही हात पुढे झाले. तिला थोपटता थोपटता बाई मला म्हणाल्या, "अक्का, आधी विचारा तिला. अन् नाही म्हणाली, तर रुसू नका."