मनूचं पोट आणि माझं ऑडिट

समुपदेशक मॅडमना आमच्या घरात एकही दोष सापडू नये, याची मी चोख तयारी केली होती. दोष दाखवण्यासाठीच आपण त्यांना बोलावलंय, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. सतरा वर्षं झाली. आमच्याकडे ऑडिट ही मोठी गोष्ट. गिऱ्हाईक कंपनीचा माणूस तपासायला येणार म्हटलं, की आदल्या दिवशी जमिनीवरच्या पिवळ्या रेषा नव्यानं रंगवायच्या, तेल गळणारं मशीन ताडपत्रीखाली घालायचं आणि खरं बोलायची खोड असलेल्या माणसाला सुट्टीवर पाठवायचं. (अशी माणसं आमच्याकडे दोन आहेत. त्यांच्या रजा कधी नामंजूर होत नाहीत.)

आता मनूचं सांगतो. मनू म्हणजे माझी मुलगी मानसी, चौथीत आहे. तीन महिने झाले, रोज सकाळी शाळेच्या वेळेला तिचं पोट दुखायचं. रविवारी दुखायचं नाही, दिवाळीच्या सुट्टीत तर एकदाही दुखलं नाही. ओवा झाला, हिंग झाला, पाण्याचा फिल्टर बदलला, सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "पोटात काही नाही. हिला कुणाशी तरी बोलू द्या." तोवर शाळेतून चिठ्ठी आली होती, हजेरी अशीच राहिली तर परीक्षेला बसवणं अवघड आहे म्हणून. पोर सुकून चालली होती. मला रात्री झोप लागत नव्हती, हे खरं आहे.

"ऑनलाइन करू या," वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणाली. "समुपदेशक मॅडमकडे आकुर्डीला जायचं तर चाकणच्या चौकातच संध्याकाळ होते. त्यात तुमची शिफ्ट दर आठवड्याला बदलते."

"मोबाइलवर कुठं पोट बरं होतं का?" आई म्हणाली. आई बीडची. तिच्या मते मोबाइलमुळे बऱ्या झालेल्या गोष्टींची यादी कोरी आहे.

वैशालीनं मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, पहिली भेट फक्त बघण्यासाठी. मूल स्क्रीनसमोर रमतं का, घरात शांत जागा आहे का, घरचे मोकळेपणानं बोलतात का. तुम्हा सगळ्यांना हे मानवेल की नाही, ते आपण मिळून ठरवू.

वैशालीनं हे मला जसंच्या तसं सांगितलं. मी त्यातलं एवढंच ऐकलं, की बाहेरचं माणूस घर बघायला येणार!

मी एक दिवसाची रजा टाकली. बेडरूममध्ये नेटवर्क चांगलं, म्हणून भेट तिथं घ्यायची ठरली. वाळत घातलेले कपडे, आईचा पाटा, शिलाई मशीन, सगळं उचलून हॉलमध्ये कोंबलं. (त्या दिवशी हॉलमध्ये शिरायचं तर दरवाजात आडवं व्हावं लागत होतं.) मग घरच्यांची तयारी करून घेतली.

"विचारलं तेवढंच सांगायचं. हसून सांगायचं. आणि सुचलं नाही तर माझ्याकडे बघायचं."

"अहो, आपण मदत मागायला चाललोय," वैशाली म्हणाली.

"मदत मागायची, पण व्यवस्थित दिसून!"

मनू घाबरून विसरली तर काय, म्हणून मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्यावर मार्करनं ठळक उत्तरं लिहिली. 'शाळा आवडते.' 'मैत्रिणी आहेत.' 'घरी सगळं छान आहे.' हा पुठ्ठा लॅपटॉपच्या मागे धरून उभं राहायची जबाबदारी आईवर दिली. आईला मी दोनदा बजावलं, की तू दिसणार नाहीस, फक्त बोलू नकोस.

पाच वाजता मॅडम स्क्रीनवर आल्या. तिशीतल्या असतील, आवाज शांत. आम्ही तिघं पलंगावर रांगेत बसलो होतो, मनू मध्ये.

"मानसी, शाळा कशी वाटते?"

मनूनं लॅपटॉपच्या वर बघितलं. "शाळा आवडते."

"अरे वा. आणि मैत्रिणी?"

"मैत्रिणी आहेत."

"घरी कसं असतं?"

"घरी सगळं छान आहे."

तीन प्रश्न, तीन उत्तरं, एकही चूक नाही. मला मनूचा अभिमान वाटला. मॅडम मात्र आमच्याकडे नाही, आमच्या डोक्यांच्या वर कुठंतरी बघत होत्या. मग अगदी सहज म्हणाल्या,

"आजी, हात दुखले असतील. पुठ्ठा खाली ठेवा आणि तुम्हीही पुढं येऊन बसा ना."

मी मागे वळून बघितलं. आमच्या पाठीमागे लोखंडी कपाट होतं आणि कपाटाला पुरुषभर उंचीचा आरसा! त्यात आई पायापासून डोक्यापर्यंत दिसत होती, छातीशी 'घरी सगळं छान आहे' धरून. सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या कामात बारीक चुका काढून पगार घेतोय.

"म्या काही बोलले नाही," आई म्हणाली. "ह्यानं धर म्हणलं, म्या धरलं."

वैशालीनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता मॅडम कॉल बंद करणार. पण त्यांनी मनूलाच विचारलं, "हे कुणी लिहिलं गं?"

मनूनं माझ्याकडे बघितलं. (सुचलं नाही तर माझ्याकडे बघायचं, हे मीच शिकवलं होतं.) मी आरशाकडेच बघत होतो. मग तीच म्हणाली, "बाबांनी. बाबांना चूक चालत नाही."

"चूक झाली तर काय करतात?"

"रागावत नाहीत. 'का' विचारतात. पाच वेळा."

मॅडमना कळेना. मनूनं समजावून सांगितलं. "गणित चुकलं. का? घाई झाली. का? बाकीच्यांचं झालं होतं. का? त्यांना लवकर येतं. का? ते हुशार आहेत. का? मग मला काही सांगता येत नाही. मग पोटात दुखतं."

"पण दुखतं तर सकाळी ना?"

"शाळेत गेलं की दिवसभरात काहीतरी चुकणारच," मनू म्हणाली. "मग संध्याकाळी बाबा विचारणार."

कंपनीत पार्ट खराब निघाला, की आम्ही पाच वेळा 'का' विचारून मूळ कारणापर्यंत जातो. चांगली पद्धत आहे. मनूच्या पोटदुखीवरही मी असा एक कागद केला होता. त्यात पाणी होतं, डबा होता, शाळेची बस होती, आईच्या हातचं तिखट होतं. माझं नाव एकाच ठिकाणी होतं, खाली, 'तपासणारा' म्हणून. मला फार वाईट वाटलं. त्याहून जास्त लाज वाटली. मी मनूला जवळ घेतलं आणि आई पुठ्ठा धरून रडायला लागली.

मॅडमनी आम्हाला सावरायला वेळ दिला. मग म्हणाल्या, "मानसीला ऑनलाइन चालेल. छान मोकळी बोलते. फक्त दार बंद, कानाला हेडफोन आणि खोलीत दुसरं कुणी नको." नंतर माझ्याकडे वळल्या. "बाबांनीही थोडं बोललेलं बरं. माझे एक सहकारी आहेत, आकुर्डीला बसतात. ते ऑनलाइनही घेतात. तुम्हाला काय सोयीचं?"

मी 'ऑनलाइन' म्हणायला तोंड उघडलं होतं.

"नको मॅडम," मनू म्हणाली. "त्यांना समोरच बसवा. ऑनलाइन घेतलं तर ते आजीला पुन्हा उभं करतील."

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. वैशालीही हसली. निर्णय एकमतानं झाला, माझं मत कुणी विचारलं नाही.

आता मनू रोज शाळेत जाते. सोमवारी अजून थोडं दुखतं, पण जाते. एक गणित चुकलं म्हणून परवा तिनं स्वतः येऊन सांगितलं. मी "बरं" म्हणालो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तिथं मी पाचही वेळा मनातल्या मनात विचारून घेतलं.

मी शनिवारी ट्रॅफिकमधून आकुर्डीला जातो. पहिल्या दिवशी त्या सरांनी विचारलं, "बोला, कसं वाटतंय?"

मी ताठ बसलो आणि हसून सांगितलं, "सगळं छान आहे."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. मनूची भेट महिन्यातून दोनदा असते. माझी त्यांनी दर आठवड्याला केली आहे.