तासिकेचे सर

जुलैतला सोमवार. विद्यापीठाच्या भंडारा उपकेंद्रात इतिहासाच्या एका जागेची मुलाखत होती, मानधन तासावर. बाकावर आम्ही तिघं होतो: माझी मुलगी, मी आणि कॉलेजात तिला शिकवणारे सर.

विद्यापीठानं जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रं काढली, पण कायमच्या जागा काढल्या नाहीत. सर इथं, गोंदियाला आणि नागपूरला तासिकेवर शिकवतात. केंद्रांची नावं ते घेत नाहीत. "सोमवारचं", "बुधवारचं" एवढंच म्हणतात. इथली जागा त्यांचीच होती, तरी दरवर्षी त्या जागेसाठी नव्यानं मुलाखत द्यावी लागे.

मुलगी वहीची पानं उगाच उलटत होती. सर तिच्याजवळ सरकले.

"काहून घाबरून राहिली, बेटा? तिसरं प्रकरण विचारतातच. सांग बरं मले."

तिनं सांगितलं. त्यांनी दोन चुका दुरुस्त केल्या.

"सर, जागा एकच आहे," मला राहवलं नाही.

"माहीत आहे नं, भाऊ. पण हे आत जाऊन चुकली, तर नाव माहंच खराब होईल."

मुलीची निवड झाली.

परवा वरठीच्या फलाटावर ते दिसले. मी नजर चुकवत होतो, तर तेच जवळ आले.

"पोरगी फळ्याकडं तोंड करून शिकवते का? तसं नोको करू म्हणा, मागच्यायले ऐकू येत नाही."

आम्ही चहा घेतला. मुलगी त्यांच्याकडे शिकायची तेव्हापासून भेटलो की चहा व्हायचा, पण चहाचे पैसे त्यांनी मला कधीच देऊ दिले नव्हते. त्या दिवशी चहावाल्याला वीस रुपये मी दिले. सर गाडीच्या दिशेनं बघत राहिले.