ओळंब्याची गोधडी

गल्लीत त्याला सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं ते वजन. भिंतीशी टांगलं की भिंत सरळ आहे का कलली आहे, ते न बोलता सांगतं. हा ओळंबा मात्र न बोलता सांगणाऱ्यांतला नव्हता. सगळा जन्म गवंडीकामात गेलेला. कुणाकडे चहाला गेला तरी आधी दाराच्या चौकटीकडे बघणार, मग कपाकडे. लोकांच्या भिंतींवरचे लग्नाचे फोटो तो न विचारता सरळ करून यायचा. शेजारचा वायरमन एकदा म्हणाला होता, "काका, फोटो सरळ केलात, उपकार झाले. आता आतलं जोडपंही तेवढं सरळ करून जा."

गेल्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि ओळंबा बांधकामाच्या परांचीवरून कायमचा खाली उतरला. तेव्हापासून त्याच्या तावडीत एकच इमारत उरली, ती म्हणजे स्वतःचं घर. डबे रांगेत, चपला रांगेत, दोरीवरचे टॉवेल काठाला काठ लावून. बायको म्हणायची, "अहो, मला पण एकदा ठरवून द्या, कुठं उभी राहू."

त्याच उत्साहात त्यानं न्हाणीघराची फरशी नव्यानं केली. घोटून घोटून आरशासारखी. उतार असा, की थेंबभर पाणी थांबायचं नाही. गल्लीतल्या लोकांना बोलावून त्यानं तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. पाणी सरळ मोरीच्या तोंडाशी गेलं. पुढच्या आठवड्यात त्याच वाटेनं बायको गेली आणि उजवं मनगट मोडून बसली.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांना प्लास्टर केलंत," वायरमन बघायला आला तेव्हा म्हणाला, "आता घरच्यांनाही केलंत. कुणाची तक्रार नको!"

ओळंबा हसला नाही. कारण हात मोडला होता तो साधासुधा नव्हता. त्या हातानं घरातल्या प्रत्येक बाळाची गोधडी शिवली होती. दोघी मुली, थोरलीची पोरं, पुतणे, भाचे, सगळे दवाखान्यातून घरी आले ते तिच्या गोधडीतून. तिचे टाके मुंगीच्या पावलांएवढे, आणि त्यात दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही. थोरलीनं एकदा हौसेनं एक ओळ घातली होती. तोंडावर आईनं "छान" म्हटलं, आणि लेक सासरी गेल्यावर ओळ उसवून टाकली.

आता धाकटीचे दिवस भरत आले होते, आणि तिच्या बाळाच्या गोधडीचे नुसते तुकडे कापून पडले होते. धाकटीनं फोनवर विचारलं, "आई, तुझ्या हाताला त्रास नको. विकतचं एखादं मऊ पांघरूण आणू का?"

"आण की," आई म्हणाली आणि फोन ठेवला. मग तुकड्यांचं गाठोडं डाव्या हातानं ओढून कपाटाखाली सारायला लागली. ते जाईना. कपाट खालून किती उंच ठेवायचं हेही ओळंब्यानंच ठरवलं होतं.

"राहू दे," तो म्हणाला. "मी शिवतो."

हात मोडल्यापासून ती पहिल्यांदा हसली. इतकी, की प्लास्टर छातीशी धरून बसावं लागलं. "तुम्ही? शर्टाचं बटण तुटलं तर शर्ट बदलणारा माणूस!"

"ओळच घालायची ना? ओळीत मला कोण शिकवणार?"

"शिवा," ती डोळे पुसत म्हणाली. "पण आधीच सांगून ठेवते. माझा हात सुटला, की सगळं उसवून नव्यानं घालणार. मग रागावायचं नाही."

"बघू," ओळंबा म्हणाला. पण मनात त्यानं तिथंच पैज लावली. बाईनं कात्री हातात घ्यावी, ओळ बघावी आणि कात्री खाली ठेवावी. एवढं झालं की मिळवली.

पहिला दिवस सुईत दोरा ओवण्यात गेला. विटा झेलून झेलून बोटं अशी झाली होती, की सुई त्यांत आहे की पडली हे बघूनच कळायचं. अंगुस्तान कुठल्याच बोटात शिरेना. शेवटी बायकोनं करंगळी सुचवली. "सुई काय करंगळीनं ढकलू?" तो म्हणाला आणि अंगुस्तानाशिवायच बसला. संध्याकाळपर्यंत मधल्या बोटाची चाळणी झाली.

पण त्याचा आत्मविश्वास दणकट होता. खालचं अस्तर म्हणून जुनी पांढरी चादर अंथरली. मध्ये त्याच्याच झिजलेल्या शर्टांचे आणि मुलींच्या शाळेच्या गणवेशांचे थर. वरतीही त्याच कपड्यांची रंगीत ठिगळं. ती त्यानं विटांसारखी मांडली, एका रांगेतला सांधा दुसऱ्या रांगेतल्या सांध्यावर येऊ न देता. मग निळीत बुडवलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून, मध्ये चिमटीत धरून सोडली. फट्कन कापडावर निळी रेघ उमटली.

"अहो, बाळाची गोधडी आहे ती! नीळ लावताय?"

"नीळ कपड्यालाच घालतात," ओळंबा म्हणाला.

"कच्चे टाके तरी घालून घ्या आधी. मोठे, सैल. थर जागचे हलायला नकोत."

"जे नंतर काढूनच टाकायचं, ते घालायचं कशाला? भिंत कशी बांधतात? खालून वर, एकेक थर, पक्का."

तिनं नाद सोडला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला कळतं, की काही माणसांना पडूनच शिकू द्यावं लागतं.

त्यानं खालच्या काठापासून एकेक ओळ पक्की घालत वर यायला सुरुवात केली. रेघेवर टाका, टाक्यापुढं टाका, धावदोरा. ओळी खरंच सरळ होत्या. वायरमन दारातून म्हणाला, "काका, खिडकी कुठं काढणार?" ओळंब्यानं मान वर केली नाही. चार दिवस त्यानं घरातली एकही वस्तू हलवली नाही. बायकोला हात मोडल्याचा हा पहिला फायदा दिसला.

पाचव्या दिवशी तो वरच्या काठाजवळ आला आणि थबकला. प्रत्येक ओळीनं वरचं कापड केसभर पुढं ढकललं होतं, आणि ते सगळे केस शेवटाला एकत्र जमले होते. गोधडी वरच्या टोकाला अशी फुगली, की खाली मांजर झोपलंय असं वाटावं. त्यानं तळहातानं दाबलं, बाजूला ताणलं, उलटं करून बघितलं. मांजर हलेना.

बायको येऊन शेजारी बसली. फुगवट्यावरून डावा हात फिरवला. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "भिंतीला पोट आलं, की तुम्ही काय करता हो?"

"पाडतो."

"मग पाडा."

त्यानं पाडली. टाका टाका उसवला. ज्या गवंड्यांना भिंती पाडायला लावताना तोंडात कधी साखर ठेवली नव्हती, त्या सगळ्यांची त्याला एकेक करून आठवण आली.

या वेळी त्यानं निमूटपणे कच्चे टाके घातले. मधोमध एक ओळ, मग बाजूंना, लांब, सैल, वेडेवाकडे. घालताना एकदम थांबला आणि म्हणाला, "अगं, ही परांची आहे!"

"काय?"

"कच्चे टाके. परांचीच की. काम होईपर्यंत धरून ठेवायची, झालं की उतरवायची. इतके दिवस हे असं सांगितलं असतंस तर?"

"मला काय माहीत परांची? मी कुठं चढले होते?"

मग त्याचं बरं चाललं. आता खालून वर नाही. कोपऱ्यापासून काठाकाठानं चारी बाजू फिरायच्या, आणि फेऱ्या घालत घालत आत मध्याकडे यायचं. कोपऱ्यांवर वळताना निळीची दोरी चालेना, तेव्हा बायकोनं दोरी काढूनच घेतली. "रेघ कशाला लागते? मागच्या ओळीकडे बघत चालायचं. ती जाईल तसं आपण जायचं. गोधडीत पुढं बघायचंच नसतं."

दुपारची उन्हं खिडकीतून आत येत. तो भिंतीला टेकून पाय पसरून बसायचा, गोधडीचं एक टोक त्याच्या मांडीवर, एक तिच्या. ती डाव्या हातानं कापड ताणून धरायची आणि कुठला तुकडा कुठला ते सांगायची. हा थोरलीचा गणवेश, शाई सांडली म्हणून मार खाल्ला तो. हा तुमचा शर्ट, माझ्या माहेरी पहिल्यांदा आलात तेव्हाचा. "आल्या आल्या वडिलांना म्हणालात, तुमचा जिना कललाय."

"कललाच होता."

"वडील म्हणाले होते, पोरगा सरळ आहे, पण जरा जास्तच."

काम पुढं सरकत होतं आणि ते संपू नये असंही त्याला वाटायला लागलं होतं. हे त्यानं अर्थातच कुणाला सांगितलं नाही.

मध्यभागी हातभर जागा उरली, तेव्हा धाकटीला मुलगी झाली आणि बायकोचं प्लास्टर निघालं. दवाखान्यातून आल्या आल्या तिनं कात्री मागितली. ओळंब्यानं आणून दिली आणि कॅलेंडर सरळ करायला भिंतीकडे गेला. ते सरळच होतं.

तिनं गोधडी उलटी केली. खरं काम मागून कळतं. ओळींवरून अंगठा फिरवत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेली. टाके मुंगीच्या पावलांचे नव्हते, चांगले मुंगळ्याचे होते. पण एकसारखे होते.

"मागून बरं आहे," ती म्हणाली आणि कात्री खाली ठेवली.

ओळंब्याला एकदम तहान लागली. तो पाणी प्यायला गेला आणि पाणी न पिताच परत आला.

"मधलं मी घालते," ती म्हणाली. ते रास्तच होतं. तिनं सुई घेतली. पण प्लास्टरमधून निघालेला हात तिला ओळख देईना. बोटं आखडलेली, मनगट वळेना. एक टाका लांब, एक आखूड, आणि ओळ डावीकडे निघाली, मग घाबरून उजवीकडे आली. शेवटाला पोचेपर्यंत तिच्या कपाळावर घाम होता.

ओळंब्यानं ओळ बघितली. तिनं त्याला बघताना बघितलं. परक्याच्या घरचा जिनासुद्धा न सोडणारा हा माणूस. आता काय म्हणतोय, याची वाट बघत ती बसली.

तो ओळच बघत राहिला. मग तिनंच कात्री उचलली. कात्रीच्या कड्यांत बोटं मिटेनात. "तुम्ही उसवा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

त्यानं कात्री घेतली आणि पाठीमागं ठेवली. सुई उचलली, दोरा ओवला, पहिल्याच झटक्यात, आणि तिच्या ओळीला लागून आपली ओळ घालायला लागला. ती डावीकडे गेली तिथं तो डावीकडे गेला. ती घाबरून वळली तिथं तोही वळला.

"अहो, वाकडं जाताय!"

"मागच्या ओळीकडे बघून चालतोय. तूच सांगितलंयस."

तिसरी ओळही तशीच घातली. चौथी बोटं थोडी मोकळी झाल्यावर तिनं घातली, त्याच वळणानं. शेवटी त्यानं कच्चे टाके ओढून काढले. परांची उतरली. गोधडीच्या मधोमध वाऱ्यानं हललेल्या पाण्यासारखं काहीतरी उमटलं होतं.

पुढच्या आठवड्यात धाकटी बाळाला घेऊन आली. कौतुक करायला वायरमनही आला. धाकटीनं गोधडी पसरली, काठ बघितले, मग मध्यावर बोट ठेवून खो खो हसली. "बाबा! इथं ओळंबा हलला की!"

"हलला," ओळंबा म्हणाला. "वारं सुटलं होतं."

"कसलं वारं?" बायको आतून चहा घेऊन येत म्हणाली. "ती पहिली ओळ माझी आहे. हात चालत नव्हता. पुढच्या यांनी मुद्दाम वाकड्या घातल्या." आणि कप ठेवताना पुटपुटली, "काठाच्या मात्र सरळ आहेत हं यांच्या. माझ्यापेक्षा."

ओळंब्यानं कप उचलला. दाराच्या चौकटीकडे बघितलंच नाही.

धाकटीनं बाळाला गोधडीच्या मध्याच्या जरा अलीकडे ठेवलं. बाळानं हातपाय ताणले, छताकडे गंभीरपणे बघितलं, आणि खालून एक ओला डाग हळूहळू पसरायला लागला. वळणावळणानं आला आणि बरोबर मध्यावर थांबला.

"अगंबाई, पहिल्याच दिवशी!" धाकटी ओरडली.

ओळंबा वाकून, चष्मा सावरून, बारकाईनं बघत होता.

"उतार बरोबर आहे," तो म्हणाला.