प्रज्ञाताईने उघडी ठेवलेली नोंद

नागपुरात बर्डीच्या मेट्रो स्थानकाचा जिना उतरत होते तेवढ्यात फोन वाजला. प्रज्ञाताईची धाकटी बहीण होती. "ताई गेली वं... सकाळी चहा पिऊन राहिली होती, बसल्या जागी गेली. हार्ट अटॅक म्हणतात." मी जिन्यातच बसले. त्याला आता दीड महिना झाला. रडून झालं, राग मात्र उतरत नाही.

आमची कंपनी इस्पितळांच्या संगणक यंत्रणा सांभाळते. ताई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, सावनेरहून रोज बसने यायची. संगणकसेवा कशी सांभाळावी याची जगभर मानली जाणारी नियमांची एक चौकट कंपनीने आणली, तेव्हा आम्ही परीक्षेपुरती प्रश्नोत्तरं पाठ केली. ताईने त्या नियमांचं जाडजूड पुस्तक पेन्सिलने खुणा करत दोनदा वाचलं. तिचे वडील कोळसा खाणीत होते. "हे तर बाबाचंच बोलणं आहे वं," ती म्हणाली. "खाणीत काही झालं की बाबा म्हणत, कोणी केलं ते मागून इचारा, कसं झालं ते आधी पाहा."

एका इस्पितळाच्या रक्तपेढीचा संगणक सारखा अडकायचा. आम्ही तो बंद करून पुन्हा सुरू करायचो आणि तक्रार मिटली असं लिहायचो. साहेबांच्या तक्त्यात सगळं हिरवं. ताई चिडायची. "दर चार दिवसाले ताप येऊन राहिला, अन् आपण गोळी देऊन पेशंट बरा झाला म्हणून राहिलो!" तिने मूळ शोधलं. सर्व्हर जुना होऊन खराब होत चालला होता. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तिने मूळ कारणाची वेगळी नोंद उघडली आणि नवा सर्व्हर येईपर्यंत ती बंद करणार नाही, असं साहेबांना स्पष्ट सांगितलं.

तेवढ्यात, हे नियम पाळतो याच्या प्रमाणपत्रासाठी कंपनीची तपासणी आली. इतकी जुनी, लाल दिसणारी नोंद साहेबांना नको होती. ताई ऐकेना, म्हणून त्यांनी मला सांगितलं. मी लिहिलं, 'कारण सापडले, उपाय केला'... उपाय कोणीही केला नव्हता. प्रमाणपत्र मिळालं, पेढे वाटले. मीही खाल्ला.

तीन आठवड्यांनी भर दुपारी तो सर्व्हर कायमचा बसला. रक्तपेढीतल्या लोकांनी हाताने वह्या लिहून वेळ निभावली, म्हणून कोणाचा जीव गेला नाही. नंतर आढाव्याची बैठक झाली. दोष कोणाला देऊ नका, कारण शोधा, असं त्याच पुस्तकात छापलंय. साहेबांचा पहिला प्रश्न होता, "ही नोंद कोणाच्या नावावर होती?"

नोंद बंद मी केली, तरी नाव ताईचंच होतं. ती माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती. मी टेबलाकडे बघत बसले. पुढच्या सोमवारी वीस वर्षांच्या अनुभवाच्या त्या बाईला तक्रारींचे फोन उचलायला बसवलं. नवा सर्व्हर? तो महिन्याभरात आला. म्हणजे आधीही येऊ शकत होता!

"ताई, तुम्ही माझं नाव काहून नाही घेतलं?" मी कॅन्टीनमध्ये विचारलं.

"तुझं नाव घेतलं असतं तर त्या दिवशी सर्व्हर सुरू झाला असता का वं?" ती म्हणाली आणि डबा माझ्याकडे सरकवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑफिसातल्या शोकसभेत साहेब म्हणाले, "प्रज्ञा मॅडम म्हणजे आपल्या कार्यपद्धतीचा आदर्श." मी उभी राहिले. "सर, ती नोंद मी बंद केली होती. तुमच्या सांगण्यावरून." ते शांतपणे म्हणाले, "ही ती वेळ नाही." त्यांच्याकडे ती वेळ कधीच नव्हती.

फोनवाल्यांसाठी ताईने सूचनांचं एक पान लिहिलं होतं. ते पान आता मी सांभाळते; संगणक उघडला की आजही आधी तेच दिसतं. पहिली ओळ अशी: 'तक्रार क्रमांक नंतर. आधी विचारा, पेशंट खोळंबला आहे का?' ही ओळ ठरलेल्या नमुन्यात बसत नाही, फोन लांबतात, काढून टाका, असा साहेबांचा मेल मला मागच्या आठवड्यात आला.

मी उत्तर दिलं : काढणार नाही. खाली माझं नाव लिहिलं.