हजेरीपटावरची सुगंधामावशी

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी वाढदिवसाचे केक आणि सुप्रभातची फुलं येतात. त्यामुळे नितीन भोईरचं नाव दिसलं तेव्हा मी मोबाइल पालथा ठेवला आणि हातातलं एडिटिंगचं काम चालू ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत उघडून बघितलं. ‘आई गेली. सकाळी, झोपेतच.’ एवढंच. खाली रांगेनं जोडलेले हात, आणि मध्येच कुणीतरी विचारलेलं, ‘आपली सुगंधामावशी?’ हो, आपलीच. नितीनची आई आणि आमची वर्गमैत्रीण. यातलं दुसरं नातं आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पहिलं कळायला मात्र दुसरं वर्ष उजाडावं लागलं.

उल्हासनगरच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या तासाला ती माझ्या शेजारी येऊन बसली. हिरवी साडी, खांद्याला जीन्सच्या कापडाची पिशवी. मी ‘तुम्ही’ म्हणाले तर म्हणाली, “वर्गातली आहेस ना? मग अहोजाहो कशाला करतेस गो?” मग सरांनी हजेरी घेतली. भोईर नितीन काशिनाथ. भोईर सुगंधा काशिनाथ. सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “भाऊ-बहीण का?” मुलाच्या नावापुढे बापाचं नाव आणि बायकोच्या नावापुढे नवऱ्याचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आई आणि मुलगा एकाच वर्गात बसतील हे सरांच्या डोक्यात येणार कुठून? मागच्या बाकावरून नितीन म्हणाला, “नाही सर, गावाकडची ओळख आहे.” मावशी खाली बघून पिशवीत पेन शोधत राहिली. अंबरनाथ-बदलापूरच्या गावांत भोईरांना आणि काशिनाथांना तोटा नाही, त्यामुळे आम्हीही ते खरं मानलं.

खरं काय ते तिनं मला पुढे, सगळं उघड झाल्यावर सांगितलं. दहावीनंतर लग्न झालं आणि शाळा सुटली. नितीन बारावीला गेला तेव्हा तिनं बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, आणि दोघं एकाच वर्षी बारावी झाले. कॉलेजही एकच मिळालं. नितीननं अट घातली की कॉलेजात ओळख दाखवायची नाही. तिनं ती मान्य केली आणि अक्षरशः पाळली. दोघं घरून वेगवेगळ्या रिक्षांनी निघायचे, आणि कॅन्टीनमध्ये तो दिसला की ती चहा न घेताच परत यायची. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. तिला मात्र राग नव्हता. “त्या वयात आपली आय शाळेत आली तर मी पण संडासात लपायची,” असं म्हणून ती हसली. मग म्हणाली, “एकदा तरी सगळ्यांसमोर आई म्हणाला पाहिजे, असं वाटायचं... पण त्याच्या मनानं. मी मागणार नव्हती.”

तिच्या अभ्यासाची तऱ्हा न्यारी होती. उल्हासनगर कॅम्प तीनच्या कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे घरी आणून शिलाईचे सुटे धागे कापायचे, हे तिचं काम. ते सोडणं परवडणार नव्हतं. म्हणून ती सरांचं लेक्चर मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि दुपारभर धागे कापत तेच पुन्हा पुन्हा ऐकायची. परीक्षेत तिची उत्तरं सरांच्या बोलण्याच्या ठेक्यात उतरायची, त्यांच्या खोकल्याच्या जागेसकट, असं आम्ही तिला चिडवायचो. ती बी.ए. उत्तीर्ण झाली तेव्हा कारखान्याच्या सेठनं विचारलं, “भाभी, अब काम छोडेगी क्या?” ती म्हणाली, “नाय सेठ, अब तुम्हारा धागा ग्रॅज्युएट काटेगी.” तिच्याइतका डौल मी पदवी मिळालेल्या दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या महोत्सवासाठी मी एक छोटी विनोदी फिल्म लिहिली. मुलाच्या कॉलेजात शिकायला येणारी आई आणि तिला टाळत पळणारा मुलगा. गोष्ट मला मावशीकडे बघूनच सुचली होती. ती खरीच चालू आहे याचा मला पत्ता नव्हता. आईच्या कामासाठी मावशीला धरलं. मुलाच्या कामासाठी वर्गातला सगळ्यात बरा नट निवडला, तो नितीन. दोघांनी एकमेकांकडे असं काही बघितलं की मला वाटलं, यांचं गावाकडचं भांडण असणार.

शूटिंगच्या दिवशी नितीननं मित्राची फाटक्या फॅशनची जीन्स मागून आणली होती, गुडघ्यांवर दोऱ्यांच्या झिरमिळ्या सोडलेली. एक शॉट झाला. आम्ही कॅमेऱ्याची बॅटरी बदलतोय तोवर मावशीनं पिशवीतून कात्री काढली आणि गुडघे साफ करून टाकले. वर समाधानानं म्हणाली, “केवढे धागे ठेवले होते, कुठल्या कारखान्याचा माल आहे हा?” आमच्यावर डोकं धरायची पाळी आली. ती फिल्म आजही बघा, जिन्यावर झिरमिळ्या आहेत आणि वर्गात पोचेपर्यंत गायब. हसताना माझ्या लक्षात यायला हवं होतं की एक पाय झाल्यावर नितीननं दुसरा पाय आपणहून पुढे केला होता, नजर मोबाइलवरच ठेवून.

शेवटच्या प्रसंगात मुलानं सगळ्या वर्गाला सांगायचं होतं, ‘ही माझी आई.’ नितीनच्या तोंडून ते वाक्य काही निघेना. एकदा घसा बसला, एकदा हसू आलं, एकदा तो पाणी प्यायला म्हणून गेला तो बराच वेळ आलाच नाही. मी वैतागले. तेव्हा मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, “काढून टाक ते वाक्य. पोरं असं बोलत नाय कधी. नुसता बघून हसला तरी कळतंय.” तिला जे हवं होतं ते खोटं खोटं का होईना, कॅमेऱ्यासमोर मिळत होतं, आणि तिनं तेही सोडलं. आम्ही तसंच शूट केलं. लोक पोट धरून हसले आणि बक्षीस दुसऱ्याच फिल्मला मिळालं.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी माझ्या शेजारची जागा रिकामी होती. हजेरी चालली होती. नितीन ‘यस सर’ म्हणाला. पुढचं नाव आलं, भोईर सुगंधा काशिनाथ. उत्तर नाही. सर खूण करणार एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, आईला ताप आहे. उद्या येईल.” सगळ्या माना मागे वळल्या. सरांनी एकदा नितीनकडे आणि एकदा हजेरीपटाकडे बघितलं, स्वतःशीच मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. आणि जिनं हे ऐकायला हवं होतं ती घरी गोधडी पांघरून पडली होती.

संध्याकाळी मी अंबरनाथला तिच्या चाळीत गेले आणि तिला सांगितलं. तापातही ती उठून बसली. “पुन्हा सांग गो. आवाज कसा होता? उभा राहिलेला?” त्यानंतर मी जेव्हा जेव्हा तिच्याकडे गेले, माझं लग्न ठरलं तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, नितीननं बदलापूरला घर घेतलं तेव्हासुद्धा, तो खोलीबाहेर गेला की ती दार लोटून घ्यायची आणि मला तो दिवस पुन्हा सांगायला लावायची. गेल्या दिवाळीत भेटलो तेव्हाही सांगायला लावला. नितीनकडे मात्र तिनं कधी विषय काढला नाही. विचारलं तर तो लाजेल, म्हणायची.

तेराव्यानंतर मी बदलापूरला गेले. नितीन मला तिच्या खोलीत घेऊन गेला, पलंगावर बसवलं आणि म्हणाला, “प्राची, तू आलीस की आई दार लावायची. काय बोलायचात गं तुम्ही एवढं?” आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. मी हजेरीचा तो सगळा प्रसंग सांगितला, तिला सांगायचे तसाच. तो ऐकत होता. मी थांबले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता.

“मी असं म्हणालो होतो?” त्यानं विचारलं. “मला अजिबात आठवत नाही...”

तो उठला, तिच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसला.

“पुन्हा सांग,” म्हणाला.