पिवळ्या दोऱ्याचं पिल्लू

वेळ्ळैताय पिल्लू मागायला आलेल्या माणसाला आधी पाणी देते, चहा देत नाही. चहाच्या आधी प्रश्न असतात. कुंपण किती उंच? दिवसभर घरी कोण असतं? घरात तापट कोण आहे? आणि याआधीचं कुत्रं कशानं मेलं? शेवटच्या प्रश्नाशी बरेच जण अडखळतात. अडखळलेल्यांना चहा मिळत नाही.

आमची घरं लागून आहेत. तमिळनाडूतल्या या छत्रपट्टीत जवळजवळ घरोघरी माग आहेत आणि जखमेला बांधतात ते जाळीदार पांढरं कापड त्यांवर निघतं. तिचा नवरा सुडलै मागावर जातो. ती राजपाळयमची पांढरी कुत्री पाळते, तिच्या वडिलांनीही तीच पाळली. मी शाळेत शिकवते, म्हणून ती मला टीचर म्हणते आणि शिकलेल्या माणसाला जी कामं सांगावीत असं तिला वाटतं ती सगळी मला सांगते.

मल्ली ही तिच्या तीन कुत्र्यांतली सगळ्यात शांत मादी. चार वर्षांची झाल्यावर तिला सेत्तूरच्या एका नराकडे न्यायचं ठरलं. वेळ्ळैताय आधी एकटी जाऊन नर बघून आली. दुसऱ्या खेपेला मला घेऊन गेली. मालक पाणी आणायला आत वळला तशी ती माझ्या कानाशी म्हणाली, "टीचर, कुत्र्याच्या मागं जा आणि ते पातेल्याचं झाकण पाडा."

मी पाडलं. कुत्र्यानं मान गर्रकन वळवली. मालक धावत बाहेर आला.

"काय पडलं?"

"टीचरच्या हातून निसटलं," वेळ्ळैताय म्हणाली. "बिचारीची नजर अधू आहे."

या कुत्र्यांत बहिरेपणा निघतो. अंग जितकं शुभ्र आणि नाक जितकं गुलाबी, तितकी लोकांची उडी मोठी आणि कान तितके बेभरवशाचे. दहाएक वर्षांपूर्वी तिच्या हातून एक बहिरं पिल्लू नकळत दिलं गेलं होतं. तीन महिन्यांनी ते मागे येणाऱ्या ट्रॅक्टरखाली सापडलं. हे मला सुडलैनं सांगितलं. ती त्याबद्दल बोलत नाही, झाकणं पाडते.

मल्ली गाभण राहिली. माझ्या घरच्या कॅलेंडरवर मी त्रेसष्टावा दिवस लाल शाईनं गोल करून दिला. महिन्यानंतर तिचा खुराक वाढला. बाजरीची पेज, उकडलेली छोटी मासळी, रोज एक अंडं.

"मला अंडं कधी?" सुडलैनं विचारलं.

"तुम्ही पोटुशी राहिलात की," ती म्हणाली.

एकसष्टाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मल्लीनं पेज हुंगून सोडली आणि कोपऱ्यातली पोती उकरायला लागली. वेळ्ळैतायनं थर्मामीटर लावून माझ्यापुढं धरला. पारा अठ्ठ्याण्णवच्या जरा वर होता, एरवी तो शंभराच्या पुढं असतो. "उतरलाय," ती म्हणाली. "आजच. हात धुऊन या, कोपरापर्यंत."

दहा वाजता पहिलं आलं. मल्लीनं ते चाटून स्वच्छ केलं, नाळ तोडली, आम्ही नुसत्या बघत बसलो. वेळ्ळैताय मध्ये पडत नाही. "तिला कळतं. आपण फक्त मोजायचं," म्हणते. प्रत्येक पिल्लामागून वार पडली की नाही तेही ती मोजत होती. आत राहिली तर आई तापानं जाते. सहावं आलं ते निळसर आणि गप्प. मल्लीनं ते दोनदा चाटलं आणि बाजूला सारलं. तेव्हा मात्र वेळ्ळैतायनं ते उचललं, तोंडातला चिकटा बोटानं काढला आणि मागावरच्या कोऱ्या कापडात घेऊन चोळत राहिली. मी घड्याळ बघत होते. अकरा मिनिटांनी त्यानं तोंड उघडलं. सातव्याला तिनं वीस मिनिटं चोळलं. ते उठलं नाही. तिनं त्याला त्याच कापडात गुंडाळून सुडलैच्या हातात दिलं. तो शेवग्याखाली खड्डा खणून आला, हात धुतले आणि जेवायला काय आहे असं विचारलं.

"रसम आहे," ती म्हणाली, आणि पाठमोरी होऊन मल्लीखालचं पोतं बदलायला लागली.

सहाही पांढरी, म्हणून गळ्यात रंगीत दोरे बांधले. रोज सकाळी फुलवालीच्या तराजूवर वजन. ज्याचं वाढलं नाही त्याला मागच्या सडांना लावायचं, तिथं दूध जास्त असतं. पंधराव्या दिवशी डोळे उघडले, विसाव्याला सगळी एकमेकांच्या अंगावरून चालायला लागली. पिवळ्या दोऱ्याची मादी सगळ्यांत देखणी निघाली. छाती खोल, पाय सरळ, नाक जाईच्या कळीसारखं गुलाबी.

तेनकासीचे नवनीतकृष्णन यांची भाताची गिरणी आहे. ते महिन्यातच हलव्याचा डबा घेऊन आले, सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून आल्यासारखी दिली आणि पिवळ्या दोऱ्यावर बोट ठेवलं. त्यांना चहा मिळाला.

पाचव्या आठवड्यात, दुपारी सगळी ढिगानं झोपली असताना, वेळ्ळैतायनं मला हाक मारली. एकेकाला वेगळं पोत्यावर निजवलं. ती समोर बसली, मी मागून स्टीलच्या ताटावर पळी मारायची. लाल दोरा दचकून उठला. हिरवा उठला. काळा उठून मुतला. पिवळी झोपूनच होती. मी पुन्हा मारली. तिसऱ्यांदा शेजारच्या गल्लीतून कुणीतरी काय झालं म्हणून ओरडलं. पिवळीचा कान हलला नाही.

"थांब, टीचर," वेळ्ळैताय म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं मला अगंतुगं केलं आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

तिचा भाऊ इसक्किमुत्तू संध्याकाळी आला. तोही कुत्री विकतो, मदुराईपर्यंत. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अक्का, गिरणीवाल्याला कशाला सांगतेस? सहा महिने त्याला कळणार नाही. मग म्हणेल, हट्टी आहे."

"आणि गिरणीच्या अंगणात लॉऱ्या फिरतात, त्या?"

"मग आपले अप्पा करायचे तसं कर. ते अशी ठेवत नसत."

"अप्पा दाढी पण कोयत्यानं करायचे," ती म्हणाली. "तू करतोस?"

तिनं दुसऱ्याच दिवशी नवनीतकृष्णन यांना बोलावून सांगितलं. ते पिल्लाकडे बघत म्हणाले, "असू दे हो. दिसायला तर एक नंबर आहे. प्रदर्शनात न्यायचीय. फोटोत कुठं ऐकू येतं?"

"मग फोटोच न्या," ती म्हणाली. सुडलैनं खरोखर त्यांचा पिल्लासोबत फोटो काढून दिला. ते रागावून गेले. हलव्याचा डबा तिनं गाडीच्या खिडकीतून आत सरकवला. अर्धा संपला होता, तेवढं तिनं त्यांना सांगितलं.

पिवळीला घरीच ठेवावी असं तिच्या मनात होतं. पण ते जमेना. मल्ली गुरगुरली की बाकीची पिल्लं मागं सरायची. हिला गुरगुर ऐकू यायची नाही, ही सडाला लोंबकळायची आणि चावा खायची. दुसऱ्या दोन कुत्र्यांनी तर तिचा कान फाडला. वेळ्ळैताय रात्री जेवेनाशी झाली. सुडलै म्हणाला, "तुला मासळी घालू का उकडून?" ती हसली नाही.

सातव्या आठवड्यात पेच्चियम्माळ सुडलैला मागावरच्या पाळीचा निरोप द्यायला आली. ती मागांच्या शेडमागच्या, कापड वाळत घालायच्या आवारात राहते आणि तिथंच राखण करते. तीस वर्षं मागावर काढलेली. तिथं माणसं तोंडानं बोलत नाहीत, आवाजात ऐकूच येत नाही, सगळं हातानं. दोन बोटं वर म्हणजे धागा संपला, पंजा छातीशी म्हणजे इकडं ये. सुडलै न्हाणीत होता. पेच्चियम्माळनं दारातून सवयीनं वेळ्ळैतायला पंजा छातीशी नेऊन बोलावलं. वेळ्ळैतायच्या आधी पिवळी उठली आणि थेट तिच्या पायाशी जाऊन बसली.

पेच्चियम्माळनं खाली बघितलं. "हिला काय पाहिजे?"

वेळ्ळैतायनं पाणी आणून दिलं आणि विचारलं, "तुमच्या आवाराला कुंपण किती उंच?"

"मी कुठं कुत्रं मागितलं?"

"उंची सांगा."

दुसऱ्या दिवशी वेळ्ळैताय, सुडलै आणि मी पिवळीला घेऊन आवार बघायला गेलो. जाळी छातीएवढी होती, वेळ्ळैतायनं ती डोक्याएवढी करायला लावली. मागांकडचं दार कायम बंद हवं म्हणाली. बाकी कुठलंही कुत्रं त्या खडखडाटात वेडं झालं असतं. पिवळी उन्हात पसरलेल्या कापडाच्या ताग्यांवर आडवी झाली आणि झोपली. आठ आठवडे पूर्ण झाल्यावर ती तिकडं गेली. मोठी झाल्यावर तिचं ऑपरेशन करायचं, पिल्लं होऊ द्यायची नाहीत, हे वेळ्ळैतायनं कबूल करून घेतलं आणि ऑपरेशनच्या दिवशी स्वतः गुरांच्या दवाखान्यात बाकावर बसून राहिली.

पहिल्या महिन्यात पेच्चियम्माळच्या सुनेनं ताग्याची घडी घालताना पिवळीला कापडासकट गुंडाळलं. पांढऱ्यावर पांढरं, दिसलंच नाही. तेव्हापासून तिच्या गळ्यात दोऱ्याऐवजी पिवळा पट्टा आहे. शेळ्या आवाराकडे फिरकत नाहीत. पाळी सुटली की बायका तिच्याशी दोन्ही हातांनी बोलत उभ्या राहतात.

बाकीची पाच शंकरनकोविल ते श्रीविल्लिपुत्तूरपर्यंत गेली. सहा महिन्यांनी वेळ्ळैताय न कळवता एकेकाला बघायला निघाली. रविवार होता, म्हणून मला घेतलं. चार बरी होती. श्रीविल्लिपुत्तूरला काळ्या दोऱ्याचा दोन हात लांब साखळीला बांधलेला सापडला, मानेवर घट्टा पडलेला. घरमालक म्हणाला, "चावेल म्हणून बांधलंय."

"चावू दे की," ती म्हणाली आणि साखळी सोडली. माणूस अडवायला पुढं आला, पण काळ्यानं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं विचार बदलला.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, कुत्र्याचं तिकीट काढावं लागेल. तिनं काढलं आणि मग कुत्र्याला खिडकीजवळच्या सीटवर बसवलं. श्रीविल्लिपुत्तूरपासून घरापर्यंत मी उभी होते.